पहिला बर्गर नेहमी का जिंकतो?

प्रश्न : आम्ही चौघे कॉलेजपासूनचे मित्र. महिन्यातल्या एका शनिवारी संध्याकाळी दोन गाड्यांवर निघतो, तीन ठिकाणचे बर्गर खातो आणि नंबर लावतो. जानेवारीत कॅम्प, मग कोरेगाव पार्क, शेवटी एफसी रोड असे गेलो, तेव्हा कॅम्पचा पहिला आला. मार्चमध्ये उलटे निघालो, तर एफसी रोडचा पहिला! घरी पोचेपर्यंत भांडण चाललं होतं. आमच्यातला एकजण शाकाहारी आहे, त्याचे गुण धरायचे की नाही यावरही एकमत नाही. आणखी एक, स्मॅश बर्गरची पॅटी इतकी पातळ असते, तरी लोक तिच्यासाठी एवढे वेडे का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : मार्चमध्ये उलटे निघालात, ही या पत्रातली सर्वांत चांगली गोष्ट. तेवढ्यानं उत्तर निम्मं सापडलंच आहे. दोन्ही वेळा जिंकला तो पहिल्या टेबलावरचा बर्गर, कारण त्या टेबलावर तुम्ही भुकेले होता. प्रत्येक ठिकाणी एकेक अख्खा बर्गर म्हटल्यावर तिसऱ्या ठिकाणी बसलेला माणूस जेवून उठलेलाच असतो. त्याला चीज जड वाटणार, बटाट्याचे फ्राइज तेलकट वाटणार. त्यात त्या स्वयंपाकघराचा काय दोष?

माझ्या हातून हा अन्याय झालेला आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही चार शाळूसोबतिणी अशाच निघालो होतो. ईस्ट स्ट्रीटपासून सुरुवात केली, वाटेत आइस्क्रीम झालं, आणि शेवटी एका छोट्या जागी गेलो. तिथला बर्गर समोर आला तेव्हा आमच्या गप्पा रंगल्या होत्या. दहा मिनिटं तो तसाच पडून राहिला. चीज थिजलं, आणि मी वहीत दहापैकी चार लिहिले. पुढे महिनाभर जो विचारेल त्याला सांगत होते, तिथे जाऊ नका. मग एकदा एकटीच साडेसातला, रिकाम्या पोटी त्या बाजूला होते म्हणून आत शिरले. बर्गर आल्या आल्या उचलला. बनची खालची चकती उलटी करून पाहिली, तर आतली बाजू लोण्यावर भाजलेली, कडेपर्यंत एकसारखी तांबूस, बोटाला किंचित खरखरीत. पॅटीचा रस त्या भाजलेल्या थरावरच थांबला होता, बन ओला झाला नव्हता. त्या वर्षी मी खाल्लेला तो सर्वांत नीट केलेला बर्गर होता. काउंटरवर जाऊन तसं सांगितलं, आणि ज्यांना ज्यांना नको म्हटलं होतं त्यांना फोन केले.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. एका संध्याकाळी दोनच ठिकाणं. निघण्याआधी घरी अर्धी पोळी-भाजी खायची, म्हणजे पहिल्या घासाला वखवख राहत नाही. चौघींत एकच बर्गर मागवायचा, दोन्हीकडे एकाच प्रकारचा. एकीकडे साधा चीज बर्गर आणि दुसरीकडे पेरी पेरी, कांद्याची भजी आणि तीन सॉस घातलेला, अशी तुलना होत नाही. सॉस वेगळा मागायचा. बर्गर आला की लगेच चार तुकडे, आणि जिभेवर घोळवायला साधं पाणी. कोल्ड्रिंक नंतर. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आधी प्रत्येकीनं आपापले गुण लिहायचे, मग तोंड उघडायचं. आमच्यात एकीचा आवाज मोठा आहे. ती "वा!" म्हणाली की बाकीच्यांचे गुण दोनानं वाढायचे. पुढच्या महिन्यात तीच दोन ठिकाणं, पण उलट क्रमानं. दोन्ही वेळा वर राहिला तोच खरा वरचा.

कॅम्पबद्दल थोडं जास्त सांगते, कारण तिथे जिभेच्या आधी आठवण निकाल देते. ईस्ट स्ट्रीटवरचं ‘बर्गर किंग’ हे जुनं दुकान नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून बर्गर विकतंय. त्याच नावाची अमेरिकन साखळी भारतात आली २०१४ मध्ये. नावावरून त्या कंपनीनं २०११ साली लावलेला दावा पुण्याच्या न्यायालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये फेटाळला, तेव्हा आमच्या पिढीतल्या कितीतरी पुणेकरांना घरचा माणूस जिंकल्यासारखं वाटलं. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ते वेगळं. मला ते दुकान मनापासून आवडतं, आणि म्हणूनच तिथल्या बर्गरला गुण देताना मी डोळे मिटून खाते. तुमच्यातल्या एकानं कागद काढून, तुकडे करून ताटलीत मांडावेत आणि बाकीच्यांनी न बघता खावेत. पार्सल आणून घरी केलंत तर आणखी सोपं जाईल, फक्त दोन्ही पार्सलं सारखीच ताजी हवीत.

आता स्मॅश बर्गर. खिम्याचा गोळा कडकडीत तापलेल्या तव्यावर टाकून पहिल्या काही सेकंदांतच उलथन्यानं दाबून पसरवतात. पृष्ठभागावरचं पाणी उडून जाईपर्यंत तिथलं तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. ते गेलं की मांस तांबूस होऊ लागतं, आणि भाजल्याचा जो वास आपल्याला वेडं करतो तो तिथे तयार होतो. थालीपिठाच्या कडेला जी खरपूस जाळी धरते, ती इथे पॅटीच्या अख्ख्या तळाला धरते. पातळ पॅटीत आतल्या मऊ भागाच्या मानानं हा खरपूस भाग जास्त, म्हणून लोक तिच्यावर जीव टाकतात. जाड पॅटीची मजा रसात असते. ती तव्यावर असताना मध्येच कुणी दाबत असेल तर रस तव्यावर जातो, तुमच्या ताटात येत नाही. आणखी एक खूण सांगते. पॅटी चावताना सॉसेजसारखी रबरी लागली, तर खिम्यात मीठ आधीच घालून तो खूप मळला आहे. मीठ ऐन वेळी, वरून पडायला हवं. तर स्मॅश आणि जाड यांना एका यादीत घालू नका, दोन याद्या करा.

शाकाहारी मित्राची तिसरी यादी. त्याचे गुण तुमच्यात मिसळायचे नाहीत, पण धरायचे नक्की, कारण बन, सॉस आणि फ्राइज यांवर त्याचं मत तुमच्याइतकंच पक्कं असणार. शाकाहारी बर्गर करणं उलट अवघड आहे. बटाट्याची टिक्की मऊ, बनही मऊ, म्हणून बाहेरचं आवरण कुरकुरीत नसेल तर सगळा घास लगदा होतो. पनीर गरम केलं तरी चीजसारखं वितळत नाही, त्यामुळे नुसती जाड वडी ठेवून भागत नाही, तिला आतपर्यंत मसाला मुरलेला लागतो. आणि एवढं कराच : त्याच्यासाठी तवा आणि तळणीचं तेल वेगळं आहे का, हे बसण्याआधी तुम्ही विचारा. दरवेळी त्यालाच विचारावं लागतं, आणि चौघांत एकट्यानं ते विचारणं जड जातं.

प्रश्न : बर्गर पार्सल आणला की घरी येईपर्यंत ओला होतो. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : वाफेनं होतं ते. सॉस आणि टोमॅटो वेगळे बांधून घ्या, आणि डब्याचं झाकण वाटेत बोटभर उघडं ठेवा. घरी आल्यावर मायक्रोवेव्हमध्ये घालू नका. बन वेगळा करून आतली बाजू तव्यावर मिनिटभर, थोड्या लोण्यावर भाजा, पॅटी शेजारी झाकण ठेवून गरम करा, आणि मग पुन्हा जुळवा.