आयई ७ (इंटरनेट एक्सप्लोरर ७) मध्ये ड्रॉपडाउन मेनू स्लायडरच्या मागे जातोय, झेड-इंडेक्स ९९९९ देऊनही फरक नाही, काय करू?

झेड-इंडेक्स म्हणजे कोण वर आणि कोण मागे हे ठरवणारा सीएसएसचा आकडा, तर आधी तो ९९९९ काढून टाका. मीपण दिलाय कधीकाळी, मग त्याला अजून दोन नऊ जोडून बघितले, ढिम्म. कारण तुम्ही आकडा दिलाय मेनूच्या आतल्या यूएलला, म्हणजे यादीच्या टॅगला, आणि भांडण त्या यूएलचं नाहीचे, भांडण हेडर आणि स्लायडरचं आहे.

जेवणाचा तीन कप्प्यांचा उभा डबा डोळ्यापुढे आणा. सगळ्यात खालच्या कप्प्यात पोळ्यांची चळत कितीही उंच रचली तरी ती वरच्या कप्प्यातल्या भाजीच्या वर जाणारे का? नाही ना, झेड-इंडेक्सचं तेच आहे, आकडा फक्त आपल्या कप्प्यापुरता चालतो. आता नियम असा की नुसतं पोझिशन रिलेटिव्ह (जागेवरून थोडं सरकवायची सीएसएसची सोय) लिहिलं आणि झेड-इंडेक्स दिलाच नाही तर तो ऑटो धरायचा, आणि ऑटोवाल्याने नवीन कप्पा करायचा नाही. फायरफॉक्स, क्रोम, अगदी आयई ८ सुद्धा हे नीट पाळतात. आयई ६ आणि ७ मात्र ऑटोला सरळ शून्य समजून कप्पा करून मोकळे होतात. मग तुमचा हेडर शून्य, स्लायडरही शून्य, आणि बरोबरी झाली की एचटीएमएलमध्ये जो नंतर येतो तो वर बसतो. स्लायडर नंतर आहे, संपला विषय.

म्हणून ज्या हेडरला पोझिशन रिलेटिव्ह आहे त्यालाच झेड-इंडेक्स १० द्या आणि स्लायडरला १. बहुतेक वेळा एवढ्यावरच काम होतं. नाही झालं तर हेडरच्या बापाकडे, म्हणजे तो ज्या डिव्हच्या (पेजच्या चौकोनी भागाच्या) आत आहे त्याच्याकडे बघा, मग आजोबाकडे, असं वर चढत जा, जोपर्यंत स्लायडरच्या शेजारी बसणारा डिव्ह सापडत नाही तोपर्यंत. आकडा त्याला द्यायचा.

माझी एक दुपार यातच गेलीये, २०१० च्या आसपास. एका पतसंस्थेची साइट होती, आमच्याकडे सगळीकडे मस्त दिसायची आणि मॅनेजरसाहेबांच्या टेबलावरच्या पीसीवर, तिथे आयई ६, ‘कर्जे’वर माउस नेला की ‘सोने तारण’ची नुसती वरची मात्रा दिसायची, बाकी सगळं बॅनरखाली. मी मेनूच्या सीएसएसमध्ये डोकं आपटत बसलो आणि निघालं काय तर वरच्या एका रॅपरला, म्हणजे बाहेरून गुंडाळणाऱ्या डिव्हला, मीच कधीतरी लोगो दोन पिक्सेल सरकवायला रिलेटिव्ह लावून ठेवलं होतं.

नेटवर एक जेक्वेरीची (जावास्क्रिप्टच्या तयार लायब्ररीची) युक्ती फिरते, पेजवरच्या सगळ्या डिव्हना उतरत्या क्रमाने हजारपासून आकडे वाटत जाणारी. ती नका वापरू, मेनू सुधारतो पण पॉपअप आणि कॅलेंडर बिघडतात.

आणि हो, आज २००६ चा आयई ७ खरंच कोणाकडे असेल असं वाटत नाही, ऑफिसातल्या इंट्रानेट साइटचं असेल तर ब्राउझर नवा आणि मोड जुना हाच प्रकार जास्त. आयई ८ पासून पुढे इंट्रानेट साइट कम्पॅटिबिलिटी व्ह्यूमध्ये (जुन्या आयईसारखं वागायच्या मोडमध्ये) उघडायची सेटिंग आधीपासूनच चालू असायची, म्हणजे २०२२ मध्ये बंद झालेला आयई ११ असला तरी तो ७ सारखा वागायचा. कुठला मोड चालू आहे ते कळायला पेजवर डॉक्युमेंट डॉट डॉक्युमेंटमोडचा एक अलर्ट टाकून बघा. ७ आला तर एक्स-यूए-कम्पॅटिबल या मेटा टॅगमध्ये आयई बरोबर एज असं हेडमध्ये अगदी वर टाका. ५ आला तर डॉकटाइप (पेजची सगळ्यात पहिली ओळ) गायब आहे किंवा त्याच्या आधी काहीतरी सांडलंय.

मेनूवर नुसता सिलेक्ट बॉक्सच (यादीतून पर्याय निवडायची चौकट) तरंगत असेल तर मात्र ते दुखणं वेगळं, आणि ते फक्त आयई ६ चं. तिथे सिलेक्ट हा विंडोजचा स्वतःचा कंट्रोल असतो, तो झेड-इंडेक्सला विचारतच नाही. मेनूच्या मागे तेवढ्याच मापाचा रिकामा आयफ्रेम (पेजमध्ये दुसरं पेज दाखवणारी चौकट) सरकवला की तो झाकला जातो. फक्त त्या आयफ्रेमचा एसआरसी (आतल्या पेजचा पत्ता) कोरा ठेवू नका, एचटीटीपीएसवर दर वेळी सुरक्षित-असुरक्षितची चौकट येते, जावास्क्रिप्ट कोलन फॉल्स लिहा. एवढी खटपट नको असेल तर मेनू उघडा असेपर्यंत सिलेक्ट लपवून टाका, मी तेच करायचो.