वडिलांच्या डिस्चार्ज बुकात १९७१ ची मेडलं नाहीत. ती आता चढवून मिळतात का?

मिळतात. तुमचे वडील १९६९ ते १९८६ फौजेत होते, १९७१ ला सीमेवर होते आणि निवृत्त होताना मिळालेल्या त्या पुस्तकात एकच मेडल आहे, असं तुम्ही लिहिलंय. किती वेळ लागेल, वकील लावावा का आणि पेन्शन वाढेल का, असंही विचारलंय. पेन्शन वाढणार नाही. हे आधीच सांगते, कारण एवढं ऐकून बरेच जण तिथंच थांबतात. आमच्या घरातही एक जण तिथंच थांबला होता. म्हणूनच हे उत्तर लिहायला बसले.

तुमच्या वडिलांचं बघायचं तर १५ ऑगस्ट १९७२ ला जो जो नोकरीत होता, त्याला स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे. नऊ वर्षं झाली की नऊ वर्षांचं दीर्घ सेवा मेडल. वीस वर्षांचं त्यांना बसत नाही. संग्राम मेडल आणि पूर्वी किंवा पश्चिमी स्टार ही १९७१ ची खरी. पहिल्या दोन मेडलांना भरतीची आणि निवृत्तीची तारीख पुरते. स्टारला मात्र माणूस त्या काळात त्या टापूत होता, हे कागदावर दिसावं लागतं. पूर्वेला होता तर पूर्वी स्टार, पश्चिमेला होता तर पश्चिमी. सगळं घोडं इथंच अडतं, आमचंही इथंच अडलं होतं.

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, फौजेत लांगरी होते. म्हणजे स्वयंपाकी. उमरगा तालुक्यातल्या आमच्या गावात त्यांना सगळे 'मिलिटरीवाले' म्हणत, कारण गावात दुसरं कुणी फौजेत गेलेलंच नव्हतं. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखं गाव आहे, घरटी एक फौजी, गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी. तिथं पोराला पारावर बसल्याबसल्या कळतं की कुठला कागद कुठं जातो. आपला मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, पलटणीत जायची ती पिढीजात चाल इकडं रुजलीच नाही. म्हणून मराठवाड्यात गावात एखाददुसरा पेन्शनर, आणि त्याला सांगणारं कुणी नाही. तुमचा प्रश्न इतक्या उशिरा पडलाय, त्याचं मला नवल वाटत नाही.

१९७१ च्या हिवाळ्यात अण्णांना त्यांच्या मूळ युनिटातून काढून दुसऱ्या एका पलटणीला अटॅच केलं, म्हणजे तात्पुरतं जोडलं, आणि राजस्थानात बाडमेरच्या पुढं पाठवलं. मूळ युनिट मागंच राहिलं. ३ डिसेंबरला लढाई सुरू झाली, मुनाबाव–खोखरापारच्या वाटेनं फौज सिंधच्या वाळवंटात शिरली आणि मागोमाग लंगरही गेला. तिथलं मोठं दुखणं पाण्याचं. अण्णा सांगायचे, की कणकेला पाणी मोजून, भांडी वाळूनं घासायची, आणि अंधार पडला की चूल पेटवायची नाही, कारण जाळ लांबून दिसतो. म्हणून दिवसाच पुऱ्या तळून बांधून द्यायच्या. पुढच्या मोर्च्यावर डबे पोचवायला तेही जायचे. १७ डिसेंबरला रात्री आठला तिकडची लढाई थांबली, तेव्हा ते पाकिस्तानच्या हद्दीत होते. गोळी त्यांनी झाडली नाही. पण ते तिथं होते.

ही गोष्ट पुष्कळांना कळतच नाही. युद्धाचं मेडल दोन प्रकारचं असतं. वीरचक्र, सेना मेडल ही शौर्याची. ती एकेका माणसाला मिळतात, भारताच्या राजपत्रात नावानिशी छापली जातात आणि त्यांना दरमहा भत्ताही असतो. वडिलांना असं काही मिळालं असेल, तर राजपत्राचा अंक शोधा, दुसरा पुरावा लागणार नाही. स्टार आणि संग्राम मेडल ही हजेरीची. ठरलेल्या काळात ठरलेल्या टापूत जो नेमणुकीवर होता त्याचा तो हक्क, मग तो कर्नल असो, न्हावी असो, धोबी असो की लांगरी. कर्नलच्या छातीवरचा पश्चिमी स्टार आणि माझ्या वडिलांचा स्टार एकाच साच्यातला. यात कुणाची मेहेरबानी नाही.

अण्णांना दोन्ही मिळाली होती. निवृत्त होताना बाबूनं मेडलं डोळ्यांनी बघून पुस्तकात हातानं लिहिली, असं ते सांगायचे. पुढं ३० सप्टेंबर १९९३ ची, भूकंपाची पहाट आली. आदल्या दिवशी गणपती बुडवून गाव झोपलं होतं. माळवदाची घरं, दगडमातीच्या रुंद भिंती, सगळं अंगावर आलं. आम्ही वाचलो ते कडेच्या पत्र्याच्या खोलीत होतो म्हणून. अण्णांची ट्रंक आतल्या घरात होती. वर पाऊस लागला. ट्रंक निघाली तेव्हा डिस्चार्ज बुकाचा लगदा झालेला, स्टार सापडलाच नाही, संग्राम मेडल तेवढं एका कापडात गुंडाळलेलं मिळालं.

मदतीला फौज आली होती. अण्णांच्या अंगावर लुंगी आणि कुणीतरी दिलेला सदरा. त्याच वेशात ते तिथल्या सुभेदारापुढं ताठ उभे राहिले, नंबर, हुद्दा, नाव एका दमात सांगितलं आणि म्हणाले, साहेब, मी लांगरी आहे, मला कामाला लावा. त्या सुभेदारानं कागद मागितला नाही. लंगर गावात होता तोवर अण्णा तिथंच राबले. स्वतःचं घर पडलेलं असताना.

नंतर डिस्चार्ज बुकाची दुय्यम प्रत आली. तीत नऊ वर्षांचं आणि पंचविसाव्या वर्षाचं, एवढीच मेडलं. संग्राम नाही, स्टार नाही. अण्णांनी बघितलं, घडी घातली आणि ठेवून दिलं. घर उभं करायचं होतं, पत्र कोण लिहीत बसणार?

आता भांडणाचं सांगते. बऱ्याच वर्षांनी १७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाच्या झेंड्याला, शेजारच्या गावात माजी सैनिकांचा सत्कार होता. अण्णा दोन्ही रिबनी लावून गेले. तिथं एक निवृत्त क्लार्क होते. त्यांनी चारचौघांत विचारलं, "स्टार तुमच्या पुस्तकात कुठंय? लांगरी माणूस तुम्ही, लढाईत कुठं होतात?" अण्णांनी रिबन काढून खिशात घातली. घरी आल्यावर मी पेटले, तर माझा थोरला भाऊ म्हणतो, "त्यांचं काय चुकलं? अण्णा भाकरीच थापत होते की. आन् ते चढवून पैसे मिळणारेत का? कशाला फिरायलीस?" तो आजही हेच म्हणतो. दादा, तू हे वाचत असशील तर वाच. पैसे नाही मिळाले. तरी फिरले.

कसं झालं, ते नीट सांगते, कारण तुम्हाला तेच लागणार आहे. फौजेत जवानाच्या बाबतीत काहीही घडलं, बदली, लग्न, मूल, मेडल, की युनिट पार्ट टू ऑर्डर, म्हणजे नोंदीचा हुकूम, काढतं. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते, तिथं शीट रोलवर, म्हणजे त्या जवानाच्या नोकरीच्या मूळ नोंदपत्रावर चढते, आणि पुस्तकातल्या नोंदींना आधार त्या शीट रोलचाच. हातात मेडल असलं तरी पार्ट टू ऑर्डर पोचली नसेल, तर रेकॉर्डच्या लेखी ते मेडल नाही. अण्णांना मेडलं मिळाली ती अटॅच असलेल्या पलटणीच्या यादीतून. ती पलटण समजली की नोंद मूळ युनिट करेल, मूळ युनिटाला पत्ताच नाही. अटॅचमेंटवरच्या माणसांचं, त्यातही लांगरी-धोब्यांचं, असंच होतं. तुमच्या वडिलांना विचारा, ते तेव्हा कुणाला अटॅच होते का. माझी खात्री आहे, गाठ तिथंच निघेल.

मी जिल्ह्याच्या ठिकाणी सैनिक कल्याण कार्यालयात गेले. तिथल्या माणसानं अर्ज घेऊन पुढं पाठवला आणि रेकॉर्डकडून एका ओळीचं उत्तर आलं, की दप्तरात नोंद नाही. कोणतं रेकॉर्ड ते लिहीत नाही. पण नोंद नाही म्हणूनच तर अर्ज केला होता! अशा उत्तरावर बरेच लोक गप्प बसतात. तुम्ही बसू नका. मी माहिती अधिकारात, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, अण्णांच्या सहीनं शीट रोलची पूर्ण सत्यप्रत मागवली. 'मेडलची माहिती द्या' असं मागू नका, परत तीच ओळ येईल. शीट रोलची सगळी पानं मागा. आमच्या प्रतीत अटॅचमेंटची नोंद होती, पलटणीच्या नावासह, तारखांसह. अण्णांनी बोट ठेवून ती ओळ दोनदा वाचली.

मग ती पलटण डिसेंबरात कुठं होती ते सिद्ध करायचं. युनिटच्या युद्ध दैनंदिन्या संरक्षण मंत्रालयाच्या इतिहास विभागात, दिल्लीला असतात. तिकडून पलटणीचं ठिकाण कळलं. आणि संग्राम मेडलच्या कडेवर अण्णांचा नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं आहे. भिंगातून फोटो काढून जोडला. ज्याचं नाव कडेला कोरून सरकारनं दिलं, ते त्याच्या नावावर नाही असं सरकार कसं म्हणेल? हे वाक्य मी अर्जात जसंच्या तसं लिहिलं होतं. ओळखीच्या दोन जुन्या जवानांची प्रतिज्ञापत्रंही जोडली, पण नुसत्या प्रतिज्ञापत्रांवर कुणी नोंद करत नाही, कागद लागतोच.

नोंद झाली. दोन्ही मेडलं, पार्ट टू ऑर्डरच्या नंबरासह. हरवलेल्या स्टारच्या बदल्यात दुसरा मागायचा तो अर्ज वेगळा असतो. नोंद आणि मेडल या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आधी नोंद करून घ्या. छावणीच्या बाजारात रिबनसकट मेडल विकत मिळतं, पुष्कळ जण तेच आणून लावतात. मला ते पटत नाही. कागदावर नसताना लावलं, की आमच्या अण्णांसारखं चारचौघांत उतरवायची पाळी येते.

वकील पहिल्यांदा नको. रेकॉर्डनं कागद बघूनही लेखी नकार दिला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं खंडपीठ मुंबईला आहे. तिथं मुदतीचा प्रश्न येतो, म्हणून नकाराचं पत्र आणि त्याचं पाकीट दोन्ही जपा. स्पर्श पोर्टलवर जा, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ते पेन्शनचं आहे, मेडलांशी त्याचा संबंध नाही. वेळ किती लागेल, त्याचं एक उत्तर नाही. तारखेवरची मेडलं लवकर होतात, स्टारला चिकाटी लागते.

एक राहिलं. वडील पेन्शनवर असतील तर त्यांचे कागद मिळण्याची आशा चांगली. पेन्शन न घेता फौज सोडून आलेल्या माणसाचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात, मागं उरतो तो लाँग रोल, म्हणजे थोडक्यात नोंदीची यादी. तुमच्या वडिलांची सतरा वर्षं आहेत, म्हणजे पेन्शन असणारच. पीपीओतला, म्हणजे पेन्शनच्या हुकमातला, आणि पुस्तकातला नंबर अक्षर न् अक्षर जुळतोय का ते बघा. नावात 'राव' एकीकडं आणि दुसरीकडं नाही, असं असेल तर आधी ते दुरुस्त करा, नाहीतर मेडलचा अर्ज त्यावरच अडवतील.

आणि अर्ज वडिलांच्या सहीनं करा, ते हयात आहेत तोवर. सही होत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार. नंतर वारसाची कागदपत्रं, आईच्या नावाची पार्ट टू ऑर्डर आहे की नाही, हे सगळं मागं लागतं. घरात कुणी म्हणालं, की यातून काय मिळणार, तर त्याला हे उत्तर वाचायला द्या. शीट रोलची मागणी मात्र या आठवड्यातच पोस्टात टाका, स्पीड पोस्टानं.