क्लाउडवर जाण्याआधी
थेट ॲमेझॉनच्या क्लाउडवर (एडब्ल्यूएस, इंटरनेटवरून संगणक भाड्याने देणारी सेवा) खातं उघडायची घाई करू नकोस. आधी स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स (संगणकाच्या आत दुसरा आभासी संगणक, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) टाक आणि दोन जीबी रॅम देऊन त्यात उबुंटू सर्व्हर ही लिनक्स प्रणाली चालव. बिघडलं तर पुसून नवं बनव, एक पैसाही लागत नाही. क्लाउडवर भाड्याने मिळतं तेही बहुतेक वेळा असंच व्हर्च्युअल मशीन असतं.

ॲमेझॉनवर गेलास की पहिल्यांदा रूट, म्हणजे मुख्य मालकाच्या, खात्याला एमएफए (पासवर्डखेरीज ओळखीची दुसरी तपासणी) लाव, मग बजेट अलर्ट, म्हणजे खर्च ठरवलेल्या रकमेपर्यंत गेला की येणारी सूचना. साधा अलर्ट फक्त ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही.

नवखे सगळ्यात जास्त फसतात ते इथे: इन्स्टन्स, म्हणजे भाड्याचं मशीन, ‘स्टॉप’ केला म्हणजे बिल थांबलं असं वाटतं. थांबतं ते मशीनचं भाडं. त्याला जोडलेल्या ईबीएस डिस्कचे (क्लाउडवरची साठवण) पैसे चालूच राहतात, राखून ठेवलेल्या इलॅस्टिक आयपीचेही (न बदलणारा इंटरनेट पत्ता). फेब्रुवारी २०२४ पासून तर वापरात असलेल्या सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यालाही तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे महिन्याला साडेतीन डॉलरच्या वर. सरावाचं काम संपलं की ‘टर्मिनेट’ कर, म्हणजे मशीन कायमचं काढून टाक, आणि डिस्क, स्नॅपशॉट (डिस्कची जपलेली प्रत), आयपी एकेक करून तपास. हे तपासताना रीजनही (मशीन जिथे ठेवलंय तो प्रदेश) बदलून बघ. मुंबईच्या पानावर सिंगापूरमधलं मशीन दिसत नाही.

कुबरनेटिसला (अनेक मशीनवर ॲप चालवून सांभाळणारी प्रणाली) सध्या हात लावू नकोस. एका छोट्या ॲपला एक मशीन आणि रोजचा बॅकअप पुरतो. तो बॅकअप परत चढवून मात्र नक्की बघ.