खांबाआडचा पोलीस

प्रश्न : माझे वडील रेल्वे पोलिसांत हवालदार होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवर अतिरेकी हल्ला झाला तेव्हा, त्यांची ड्युटी नव्हती, पण त्यांचे सोबती सीएसटीवर होते. परवा घरच्या कार्यात एक नातेवाईक सगळ्यांदेखत म्हणाले, "हातात बंदुका असून तुमचे लोक खांबाआड लपले." वडील काही न बोलता ताटावरून उठले. मलाही उत्तर सुचलं नाही. त्या रात्रीच्या पोलिसांचं मोजमाप करायचं कसं?
– एक वाचक, मेढा, जि. सातारा

उत्तर : ताई, नातेवाईक साफ खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. त्या रात्री स्थानकात फोटो काढणाऱ्या वृत्तछायाचित्रकारानेही जाहीरपणे हीच तक्रार केली होती, की हत्यारबंद पोलीस होते, पण ते गोळी चालवत नव्हते. ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्याचं ऐकून घ्यायलाच हवं.

मी सव्वीस वर्षं पोलीस मुख्यालयात जवानांना हत्यार शिकवलं. त्यामुळे माझी नजर आधी हातातल्या वस्तूकडे जाते. सीएसटीवर होती ती थ्री नॉट थ्री, म्हणजे दर गोळीला बोल्ट ओढावा लागणारी जुनी रायफल. एक गोळी सुटली की हात ट्रिगरवरून काढायचा, बोल्टची मूठ वर उचलायची, मागे खेचायची, रिकामी पुंगळी बाहेर पडते, मूठ पुढे ढकलून खाली दाबायची, हात पुन्हा ट्रिगरवर, डोळा पुन्हा नेमावर. हात बसलेला जवान हे दोन-तीन सेकंदांत उरकतो. हात बसलेला नसेल तर बोल्ट अर्ध्यात अडखळतो आणि डोळा समोरच्या माणसावरून बोल्टवर येतो. तेवढ्या दोन-तीन सेकंदांत समोरची एके-४७ तीस गोळ्यांचं अख्खं मॅगझिन रिकामं करू शकते.

शिवाय समोर फक्त दोघे अतिरेकी नव्हते. गाडीची वाट बघत सामानाला टेकून बसलेली शेकडो माणसं होती. थ्री नॉट थ्रीची गोळी माणसातून आरपार जाते. चुकली तर ती कुणाला लागेल, हे त्या जवानालाही कळत होतं.

खांबाआड जायला तर मीच शिकवलं आहे. त्याला आम्ही आड घेणं म्हणतो. उघड्यावर उभं राहून मरणं हे पोलिसाचं काम नाही. बघायचं ते हे, की आड घेतल्यावर त्याने काय केलं. माणसांना वाकून पळायला सांगितलं का? वायरलेसवर नेमकं ठिकाण कळवलं का? संधी मिळताच गोळी झाडली का? रेल्वे सुरक्षा दलाच्या झिल्लू यादवांनी सहकाऱ्याच्या हातातली रायफल घेऊन गोळी झाडली, वर खुर्चीही फेकून मारली. रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे हल्लेखोरांना सामोरे गेले आणि तिथेच धारातीर्थी पडले. त्या स्थानकात पन्नासहून जास्त माणसं मेली. काही जण जागचे हललेही नाहीत, हेही खरंच असणार. एकाच ठाण्यात, एकाच हत्यारानिशी दोन्ही तऱ्हेची माणसं असतात.

पण न हललेल्या जवानाला नाव ठेवण्याआधी मी त्याचं सरावाचं रजिस्टर मागेन. माझ्या नोकरीत अशी वर्षं गेली की वार्षिक सरावाला राऊंडच, म्हणजे गोळ्याच, आल्या नाहीत. जवानांना फायरिंग बटवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या मैदानावर, न्यायचं, पोझिशन घ्यायला लावायची, रिकामा बोल्ट ओढून घ्यायचा आणि परत आणायचं. राऊंड आले तेव्हाही मोजके आले, आणि संध्याकाळी मी गवतात वाकून पुंगळ्या वेचत असायचो, कारण एक कमी भरली तरी जाब मला द्यावा लागे. त्या पोरांना मी पुरेसं शिकवू शकलो नाही, हे शल्य मला अजून आहे. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीनेही हत्यारं-दारूगोळ्याच्या तुटवड्यावर आणि वरच्या नेतृत्वावर बोट ठेवलं होतं. नातेवाइकांचा राग त्या दिशेला वळायला हवा.

आता तुमच्याच तालुक्याची गोष्ट. केडंबे गावचे पोलीस तुकाराम ओंबळे. त्यांनी एके-४७ ची नळी धरून ठेवली, हे लहान मुलांनाही माहीत आहे. पण ते गिरगाव चौपाटीला त्या क्षणी उभे कसे होते, हे फारसं कुणी सांगत नाही. रंगभवनच्या गल्लीत करकरे, कामटे, साळसकर हे अधिकारी पडले ती पोलिसांची क्वालिस गाडी हल्लेखोरांनी पळवली, तेव्हा तिच्यात मागे जखमी पोलीस अरुण जाधव जिवंत होते. हल्लेखोर ती गाडी सोडून गेल्यावर त्यांनी वायरलेसवर खबर दिली. हल्लेखोरांनी पुढे पळवलेल्या स्कोडा गाडीचं वर्णन नाकाबंदीपर्यंत पोचलं. डी. बी. मार्ग ठाण्याच्या लोकांकडे काठ्या होत्या आणि मोजकी पिस्तुलं. त्यांनी गाडी अडवली, एकाला टिपलं, दुसऱ्याला जिवंत धरलं. त्यात ओंबळे गेले.

बॅरिकेड लावणं, गाडीचं वर्णन लक्षात ठेवणं, काच खाली करायला सांगणं, हे शहर पोलिसाचं रोजचं काम. हातातलं हत्यार तोकडंच होतं, पण खबर वेळेवर पोचली आणि हे रोजचं काम कामी आलं. कामा रुग्णालयात उलट झालं. पोलीस अधिकारी सदानंद दाते स्वतः जखमी, त्यांच्यासोबतचे प्रकाश मोरे ठार, आणि वर लढणाऱ्यांना कुमक वेळेत मिळाली नाही. मी मोजमाप करतो ते असं. हातात काय होतं, ते चालवायला किती शिकवलं होतं, काय कळवलं गेलं, आणि मग त्याने काय केलं. धाडस शेवटी बघतो.

वडिलांशी वाद घालू नका, त्यांची बाजूही मांडू नका. चहाच्या वेळी शेजारी बसून एवढंच विचारा, की २००८ च्या आधी सरावात शेवटची खरी गोळी कधी झाडली होती, आणि किती राऊंड मिळाले होते. ते आकडा सांगतील. तो मला कळवा.