लाल भिंतीसमोर कुठे उभं राहायचं?

प्रश्न: मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते, त्याने न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये नेलं. तिथे अख्खी भिंत भरून एक लाल चित्र, त्यात पाच उभ्या रेघा, बस्स. मुलगा म्हणे हे 'सब्लाइम', तत्त्वज्ञानवाले याला फार मानतात. मी मोबाइलवर फोटो काढून आणला तर मैत्रिणी पोट धरून हसल्या. खरंच काय आहे त्यात?
– एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, मैत्रिणी फोटोला हसल्या आणि बरोबरच हसल्या, फोटोत ते टाइल्सच्या दुकानातलं सॅम्पलच दिसणार. अमेरिकन चित्रकार बार्नेट न्यूमनचं १९५०-५१ चं चित्र आहे ते, जवळपास साडेपाच मीटर लांब आणि अडीच मीटरच्या आसपास उंच. १९५१ च्या प्रदर्शनात त्याने चक्क सूचना लावली होती, की लोक मोठी चित्रं लांबून बघतात पण ही जवळून बघायची आहेत.

का, तर जर्मन तत्त्वज्ञ कांट वाचा (१७९०चं पुस्तक, झोप येईल पण वाचा). पिरॅमिडबद्दल तो म्हणतो फार लांब उभे राहिलात तर दगड नुसते धूसर, आणि फार जवळ गेलात तर नजर पायथ्यापासून शेंड्याला पोचेपर्यंत पायथा डोक्यातून निसटलेला असतो, म्हणजे सगळं एकदम मनात मावतच नाही. कल्पनाशक्ती अशी हरते, त्रास होतो, आणि त्याच वेळी कळतं की जे डोळ्यांसमोर उभं करता येत नाही त्याचा विचार मात्र आपण करू शकतो, म्हणून त्या त्रासात एक मजा पण असते. सब्लाइम म्हणजे हे, आणि ते दगडात नाही, आपल्यात असतं असं त्याचं म्हणणं. मराठीत आपण 'उदात्त' म्हणतो आणि तिथेच घोळ होतो, कारण उदात्त म्हटलं की आपल्याला साने गुरुजी आठवतात.

ज्यूंच्या धर्मग्रंथातली मूर्ती करू नका ही आज्ञा कांटला सगळ्यात उदात्त वाटायची. न्यूमन ज्यू होता, त्यानेही काही दाखवलंच नाही. १९८०च्या दशकात ल्योतार या फ्रेंच तत्त्वज्ञाने हेच धरलं, की दाखवता न येणारं काहीतरी आहे एवढंच हे चित्र जाणवून देतं. ल्योतार जरा जास्तच भारावतो असं माझं मत, पण हा मुद्दा पटतो.

पुढच्या वेळी फोन पर्समध्ये ठेवा आणि दोन्ही टोकं एकदम दिसेनाशी होईपर्यंत पुढे जा. त्याहून पुढे गेलात तर गार्ड ओरडेल.