सुलभाताई आपल्या कोण?

प्रिय मनू,

रविवारी ‘इंग्लिश विंग्लिश’ बघताना शशीच्या, म्हणजे श्रीदेवीच्या, सासूबाई पडद्यावर आल्या आणि माझ्या तोंडून निघालं, “अगं, सुलभाताई!” तू लगेच विचारलंस, “बाबा, ह्या आपल्या नात्यातल्या आहेत का? मग श्रीदेवीला का नाही ताई म्हणत?” आणि थोड्या वेळानं, “आता तर तू ‘ती बघ कशी बघतेय’ म्हणालास. ताई असतील तर ‘त्या’ नको का?” मी “नंतर सांगतो” म्हणून वेळ मारून नेली. इतक्या नेमक्या प्रश्नांना तसं टाळायला नको होतं. म्हणून हे पत्र.

नात्यातल्या नाहीत; सुलभा देशपांडे या नाटक-सिनेमातल्या अभिनेत्री. पण आपल्याकडे नाटकातल्या माणसांना नुसत्या नावानं हाक मारवत नाही. विजया मेहता म्हणजे विजयाबाई, दुर्गा खोटे म्हणजे दुर्गाबाई. श्रीराम लागू खरंच कान-नाक-घशाचे डॉक्टर होते, म्हणून ते शेवटपर्यंत सगळ्यांचे ‘डॉक्टर’च राहिले.

सुलभा देशपांडे यांच्या बाबतीत तर ‘बाई’ हा शब्द शब्दशः खरा. दादरच्या छबिलदास शाळेत त्या शिकवायच्या, आणि आमच्या शाळांमध्ये शिक्षिकेला बाईच म्हणत. शाळा सांभाळून त्या ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेत नाटकं करत. तिथे 1967 साली विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ आलं आणि त्यातली लीला बेणारे त्यांनी केली. बेणारेही शाळेतली बाईच. एक हौशी नाटकमंडळी गावात प्रयोगाला जाते, वेळ काढायला खोटा खटला खेळते, आरोपी म्हणून बेणारेबाईंना उभं करते. खेळ म्हणून सुरू झालेलं ते सगळं हळूहळू खरं होत जातं. तिच्या खाजगी आयुष्यावर सगळे तुटून पडतात आणि तिला बोलूच देत नाहीत. मग शेवटी ती बोलते, खूप वेळ बोलते, पण कोर्टातल्या कुणाच्याही कानावर ते पडत नाही. ऐकतो फक्त प्रेक्षक. हे स्वगत तेंडुलकरांनी आधी लिहिलंच नव्हतं. दिग्दर्शक अरविंद देशपांडे, म्हणजे सुलभाताईंचे यजमान, हट्टाला पेटले म्हणून त्यांनी ते लिहून दिलं. आज मराठी मुली नाटकाच्या स्पर्धांना, परीक्षांना तेच स्वगत घेऊन उभ्या राहतात. तुझ्या आजीनं ते सुलभाताईंच्या तोंडून ऐकलंय. पडदा पडल्यावर शेजारच्या बाईशी बोलायचंही सुचलं नाही, असं ती सांगते, आणि आजीला बोलायचं सुचत नाही म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे!

1971 मध्ये त्या नाटकाचा सिनेमा झाला, त्यातही बेणारे त्याच. त्याच वर्षी देशपांडे पतिपत्नी आणि अरुण काकडे (त्यांना सगळे काकडेकाका म्हणत) यांनी ‘आविष्कार’ ही नाट्यसंस्था काढली. मोठी थिएटरं परवडेनात, तेव्हा छबिलदास शाळेचंच सभागृह घेतलं. दिवसा शाळा, संध्याकाळी नाटक. स्टेज छोटं, प्रेक्षक त्याला खेटून बसलेले. कित्येक नवे लेखक-नट तिथे घडले, म्हणून त्या सगळ्या काळालाच ‘छबिलदास चळवळ’ म्हणतात. एका शाळेचं नाव चळवळीला मिळालं, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

मुलांच्या नाटकांसाठी त्यांची ‘चंद्रशाला’ होती. ‘दुर्गा झाली गौरी’ हे तिचं नृत्यनाट्य मी तुझ्याएवढा असताना पाहिलं. स्टेजभर माझ्या वयाची मुलं नाचत होती. घरी येताना लोकलमध्ये मी आईला विचारलं, “मला घेतील का?” आम्ही राहायचो ठाण्याला, तालमी दादरला, ते काही जमलं नाही. पण सुलभाताई माझ्या ताई झाल्या, त्या त्याच दिवशी.

सिनेमे त्यांनी पुष्कळ केले. ‘भूमिका’त त्या नायिकेची आई आहेत. तू मोठी झालीस की आपण बघू. 1987 च्या जानेवारीत अरविंद देशपांडे गेले. त्याच सालचा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार सुलभाताईंना मिळाला. ‘आविष्कार’ बंद पडली नाही. 4 जून 2016 ला सुलभाताई गेल्या.

आता ‘ती’चं. आपण ज्यांच्यावर फार जीव लावतो त्यांना एकेरी करतो. विठोबा ‘तो’, आई ‘ती’. लताबाई म्हणणारे आजोबासुद्धा गाणं लागलं की “काय गायलीय लता!” म्हणायचे. सुलभाताई समोर आल्या असत्या तर मी वाकून नमस्कार केला असता आणि “तुम्ही” म्हणालो असतो. पण पडद्यावर ती सासू सुनेकडे मायेनं बघते, तेव्हा ती माझीच कुणीतरी असते.

श्रीदेवीला ताई का नाही, हे मात्र मलाही नीट सांगता येत नाही. शनिवारी आजीला फोन लावू तेव्हा तिला विचार. आणि बेणारेबाईंचंही विचार, ती सगळं सांगेल.

तुझा,
बाबा