निमित्त आणि कारण

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. कोसळलेल्या इमारतीच्या तपासाला तू पहिल्यांदाच निघाला आहेस, म्हणून घाईने लिहितोय. तिथे पोचायच्या आतच तुला कारण सांगणारे भेटतील: गॅस फुटला, गर्दी झाली, पाऊस लागला. ते खोटं असतं असं नाही, पण बहुतेकदा ते निमित्त असतं.

लंडनची रोनान पॉइंट ही २२ मजली इमारत घे. १६ मे १९६८ च्या पहाटे अठराव्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि इमारतीचा एक अख्खा कोपरा खाली आला. चौघं गेली. स्फोट प्रचंड असणार असंच कुणालाही वाटेल. पण जिच्या स्वयंपाकघरात तो झाला ती बाई वाचली, आणि तिच्या कानांना इजा नव्हती. म्हणजे दाब फार नव्हता. मग भार पेलणारी भिंत बाहेर गेलीच कशी? इमारत कारखान्यात ओतून आणलेली काँक्रीटची पॅनल जोडून उभी केलेली होती; त्यांचे सांधे कच्चे होते, आणि एक आधार निघाल्यावर वरच्या मजल्यांचा भार जायला दुसरी वाटच नव्हती. तपास ‘गॅस’पाशी थांबला असता तर गॅसची जोडणी बदलून प्रकरण मिटलं असतं. तो पुढे गेला, म्हणून १९७० साली ब्रिटनमध्ये नियम आला: एका जागी नुकसान झालं तरी त्याच्या प्रमाणाबाहेर इमारत ढासळता कामा नये.

अमेरिकेत कॅन्सस सिटीतल्या हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात छताला टांगलेले, एकाखाली एक असे चालायचे मार्ग १७ जुलै १९८१ ला पडले, ११४ माणसं मेली. मूळ आराखड्यात वरचा आणि खालचा मार्ग एकाच लांब सळईला टांगलेला होता. पुढे तिच्या जागी दोन सळया आल्या, आणि खालचा मार्ग वरच्याच्या तुळईला लटकला. वरच्या तुळईखालच्या नटवर दुप्पट भार आला आणि तो तुळई फाडून आरपार निघाला. इथे थांबायचा मोह होतो. पण तपासात दिसलं की मूळ सांधासुद्धा नियमानुसार लागणाऱ्या ताकदीच्या जेमतेम ६० टक्के होता. बदलाने घात केला, पण उणीव आधीपासूनची होती. सगळ्या आराखड्यात मला आजही भीती वाटते ती सांध्यांचीच. तुळया सगळे मोजतात, सांधा ‘तो दुसरा बघेल’ म्हणून राहून जातो.

जागेवर गेलास की एक पाळच. तुटलेल्या बोल्टचे दोन तुकडे जुळवून बघू नकोस. सुरुवातीला मी ते केलं होतं. तुटीच्या तोंडावर एका कडेला गंजाचा तपकिरी पट्टा होता, बाकीचा भाग ताजा, चकचकीत. तो पट्टा म्हणजे जुनी भेग. ती किती खोल गेली होती हे त्याच्या कडेवरून कळलं असतं. तुकडे एकमेकांवर घासले आणि नेमकी ती कड पुसली गेली. त्या अहवालात भेगेची खोली मला लिहिता आली नाही, याचं वाईट अजून वाटतं. आधी फोटो, शेजारी मोजपट्टी, मग सुटं पाकीट आणि चिठ्ठी.

आराखडे मागशील तेव्हा मंजूर झालेल्यांबरोबर प्रत्यक्ष कामावर वापरलेलेही माग. बदल तिथेच सापडतात.

आणि वाचलेल्या माणसांशी बोल, पण ‘काय झालं?’ असं लगेच विचारू नकोस. दार कधीपासून अडकायला लागलं होतं, फरशी कुठे उचलली होती, भेग कुणी बुजवून रंगवली होती, हे विचार. थांबून ऐक आणि तारखेसकट लिहून घे.

तुझा,
जुना सहकारी